मागच्या कव्हरवर टेनिसवालीचा फोटो: गुरुवारी छपाई, उत्तर आजच हवं

प्रेषक: स्मरणिका समिती
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या मागच्या कव्हरचं अजून ठरत नाहीये. मिठाईवाले पानाचे १,५०० डॉलर द्यायला तयार आहेत, पण त्यांना पानावर आपली टेनिसवाली (मंडळातली, कॉलेजकडून टेनिस खेळणारी मुलगी) हवी. हातात त्यांचा काजूकतलीचा डबा आणि खाली ओळ: 'आमच्या चॅम्पियनची पसंती'. शिवाय ८ नोव्हेंबरला आपल्या कार्यक्रमात तिने त्यांच्या स्टॉलवर एक तास थांबायचं. याचे तिला ७५० वेगळे, पण तो चेक मंडळाने काढावा. ते आपल्याला एकदमच २,२५० देतील. ती नसेल तर क्रॉस-कंट्रीवाला मुलगाही (कॉलेजकडून लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा आपला धावपटू) चालेल म्हणाले.

प्रिंटरला गुरुवारी रात्री १२ च्या आत पीडीएफ द्यायची आहे: ३०० डीपीआय, सीएमवायके, चारही बाजूंनी ०.१२५ इंच ब्लीड. हो की नाही, एवढंच सांगा. पाडव्याच्या पत्रकासारखं शेवटच्या रात्री पान बदलायला आम्ही तयार नाही.

---

प्रेषक: ज्येष्ठ विभाग
सोमवार, रात्री १०:१५

नाही. कॉलेजच्या खेळाडूने मालाची जाहिरात केली की हौशी दर्जा जातो आणि खेळायची पात्रता संपते. कोलोरॅडो विद्यापीठाचा जेरेमी ब्लूम ऑलिंपिकमध्ये स्कीइंग करायचा आणि कॉलेजकडून फुटबॉल खेळायचा. स्कीइंगच्या प्रायोजकांकडून पैसे घेतले म्हणून २००४ मध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेने) त्याचं फुटबॉल बंद केलं. पोरीचं नुकसान करू नका.

---

प्रेषक: युवा समिती
सोमवार, रात्री ११:०२

काका, ब्लूमचं बरोबर आहे, पण तो जुना नियम. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन पैसे घेता येतात. त्यालाच एनआयएल म्हणतात. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये तसा कायदा केला, मागोमाग बाकीची राज्यं आली आणि एनसीएएला वाट द्यावी लागली. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठंही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

बंधनं मात्र आहेत. डिव्हिजन १ च्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातल्या) खेळाडूचा बाहेरच्या माणसाशी ६०० डॉलर किंवा जास्तीचा करार झाला, तर सही झाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत तो एनआयएल गो या पोर्टलवर नोंदवावा लागतो. नोंद खेळाडूने करायची. कोण देतंय, किती देतंय, बदल्यात नेमकं काय काम आणि केव्हा, हे सगळं तिथे भरायचं. आपली दोन्ही मुलं डिव्हिजन १ मध्ये आहेत, त्यामुळे ७५० नोंदवावेच लागतील.

पोर्टल पहिल्यांदा हे बघतं की पैसे देणारा विद्यापीठाशी 'संलग्न' आहे का: देणगीदारांचा गट आहे का, विद्यापीठाला आजवर ५०,००० डॉलरच्या वर दिलेत का, खेळाडूला तिथे आणण्यात त्याचा हात आहे का. तसा असेल तर व्यवहाराला खरा धंद्याचा हेतू आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हेही तपासतात. मिठाईवाल्यांचा विद्यापीठाशी संबंध नसेल तर हा भाग सोपा आहे. पण त्यांना विचारून घ्या, गृहीत धरू नका.

---

प्रेषक: हॉल आणि स्टॉल
मंगळवार, सकाळी ७:२०

मग फोटोचे ४०० आणि स्टॉलचे ३५० असे दोन करार करा. दोन्ही ६०० च्या खाली, नोंदणीची कटकट नाही.

स्टॉलची जागा कोणी द्यायची हे आमच्याकडे आहे, हेही लक्षात असू द्या. ६ फुटी टेबल एकच शिल्लक आहे.

---

प्रेषक: युवा समिती
मंगळवार, सकाळी ७:४८

दादा, तसं चालत नाही. देणारा तोच असेल तर रकमा एकत्र धरतात. ७५० चे तुकडे केले तरी ते ७५० च राहतात, आणि लपवायला तुकडे केले असं दिसलं तर खेळाडूलाच उत्तर द्यावं लागतं. नोंदणी अर्ध्या तासाचं काम आहे, ती टाळायला मुलाची पात्रता पणाला लावू नये.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ८:३०

दोन ६०० ची गल्लत होऊ देऊ नका. एक ६०० एनआयएल गोचे, ते कराराच्या एकूण किमतीवर. दुसरे ६०० आयआरएसचे (कर खात्याचे): २०२५ मध्ये एका देणाऱ्याने वर्षभरात सेवेपोटी एवढे दिले की १०९९-एनईसी (कोणाला किती मोबदला दिला हे कर खात्याला कळवणारा) फॉर्म काढावा लागतो. त्यासाठी आधी पैसे घेणाऱ्याकडून डब्ल्यू-९ (नाव आणि कर क्रमांकाचा फॉर्म) घ्यायचा आणि फॉर्म जानेवारी संपायच्या आत पाठवायचा. मुलाच्या बाजूने पाहिलं तर खर्च वजा जाता ४०० डॉलर उरले तरी १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागू होतो. मिठाईचे डबे मोबदल्यात दिले तर त्यांची किंमतही उत्पन्नातच धरायची. शिवाय आर्थिक मदतीच्या अर्जात हे उत्पन्न दिसतं, हे घरच्यांना आधी सांगा.

आता मुख्य हरकत. चेक मंडळ काढणार नाही. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी मिळालेली ना-नफा संस्था आहोत. मिठाईवाल्यांचे पैसे आपल्या खात्यातून एका खेळाडूकडे गेले, तर आपण त्यांच्या जाहिरातीचे दलाल झालो. जून २०२३ मध्ये आयआरएसच्या मुख्य विधिज्ञांच्या कार्यालयाचं मेमो बाहेर आलं. खेळाडूंना एनआयएलचे पैसे पोचवणाऱ्या ना-नफा संस्थांबद्दल त्यात स्पष्ट म्हटलंय की व्यक्तींचा खाजगी फायदा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होत असल्यामुळे अशा अनेक संस्था करमाफीला पात्र नाहीत. आपण तशी संस्था नाही, पण तो धागा आपल्यापर्यंत ओढू नये.

---

प्रेषक: युवा समिती
मंगळवार, सकाळी ९:०५

खजिनदारसाहेब, हे जरा ताणलंय. आपण तबलजीला मानधन देतो, साउंडवाल्याला देतो. वाजवी मोबदला ना-नफा संस्थेलाही देता येतो. एका तासाचे आणि एका फोटोचे पैसे दिले म्हणून करमाफी जात नाही.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सकाळी ९:४०

तबलजी आपल्या कार्यक्रमासाठी वाजवतो. डबा हातात धरून काढलेला फोटो मिठाईवाल्यांसाठी असतो. मोबदला वाजवी आहे का, हा पुढचा प्रश्न. सेवा कोणाला मिळाली, हा पहिला. मुलाला मंचावर बोलावून ट्रेनिंगबद्दल बोलायला लावलं आणि मानधन दिलं, तर तो आपला खर्च, मी आनंदाने चेक काढीन (आणि तेही एनआयएलमध्येच धरावं लागेल का, हे त्याने विद्यापीठाला विचारावं). डब्याचे पैसे मिठाईवाल्यांनी परस्पर द्यावेत. करार त्यांच्यात आणि मुलात, १०९९ त्यांचा, मंडळाचं नाव कागदावर कुठेही नको.

आणि त्या ओळीचंही बोलू. 'चॅम्पियनची पसंती' छापली की १,५०० डॉलर प्रायोजकत्व राहत नाहीत, जाहिरातीचं उत्पन्न होतं. प्रायोजकाचं नाव, लोगो, पत्ता, फोन, वेबसाइट, काय विकतात याची साधी नोंद, इतकं चालतं. भाव, सवलत, 'आजच घ्या', 'सर्वोत्तम', कोणाची शिफारस, यातलं काहीही आलं की ती जाहिरात. असं उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर झालं की ९९०-टी (करमाफ संस्थेने धंद्याच्या उत्पन्नाचं द्यायचं विवरणपत्र) भरण्याचा विषय येतो.

---

प्रेषक: स्मरणिका समिती
मंगळवार, दुपारी १२:१०

म्हणजे 'शुद्ध तुपातली, गावात एक नंबर' हेही नको? आतल्या पानांवर अशा चार जाहिराती लागल्या आहेत! आणि हे फक्त स्मरणिकेलाच का, मंडळाच्या त्रैमासिकात तर वर्षानुवर्षं चाललंय.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, दुपारी १२:५५

ताई, स्मरणिका कार्यक्रमात वाटली जाते, तिला प्रायोजकत्वाची सूट लागू होते. त्रैमासिक हे नियतकालिक, त्याला ती सूटच नाही. तिथलं उत्पन्न मी वेगळं दाखवतो, ते माझ्याकडे सोडा.

वर्षातून एकदा निघणाऱ्या पुस्तिकेबद्दल खुद्द एनसीएएचाच खटला आहे. १९८२ च्या बास्केटबॉल स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिरातींवर आयआरएसने कर मागितला. कर न्यायालयात एनसीएए हरली, पण १९९० मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला: स्पर्धा तीन आठवड्यांची, त्यामुळे हा 'नियमित चालवलेला' धंदा नाही. आयआरएसने तो निकाल मान्य नसल्याचं जाहीर केलं. त्यांच्या मते जाहिराती गोळा करण्यात गेलेले महिनेही मोजायचे. आपण जुलैपासून जाहिराती गोळा करतो. म्हणून त्या निकालावर टेकून राहायचं नाही, मजकूरच साधा ठेवायचा. चारही पानांचे प्रूफ मला पाठवा, शब्द मी सुचवतो.

---

प्रेषक: युवा समिती
मंगळवार, दुपारी २:३०

पैशांचं खजिनदारसाहेबांनी सांगितलं, मला मान्य आहे. पण इतक्या मेलमध्ये एक प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि तो सगळ्यांच्या आधी विचारायला हवा: खेळाडूचा व्हिसा कोणता?

एनसीएए परवानगी देते म्हणजे इमिग्रेशन देतं असं नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) कॅम्पसमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काहीच नाही. सीपीटी (शिकताना करायचं प्रशिक्षणाचं काम) अभ्यासक्रमाचा भाग असावा लागतो, ओपीटी (प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) शिकण्याच्या विषयाशी जुळावा लागतो. मिठाईचा डबा धरून फोटो काढणं यांत कुठेच बसत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी, कॅनडाचा, दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, तरी संघातल्या मुलांसारखे करार त्याला इथे करता येत नव्हते, ते यामुळेच.

आपल्या लोकांना याची झळ जास्त बसते. इथे दुसरीपासून शिकलेली मुलं एच-४ वर (आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असतात. ग्रीन कार्डच्या रांगेत २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुतेक जण एफ-१ वर जातात. एच-४ वर असतानाही मुलांना काम करता येत नाही. वर्क परमिट मिळतं ते काही जोडीदारांना, मुलांना नाही. मुलगी इंग्लिश इथल्यासारखं बोलते, शाळा इथली, म्हणून आपण धरून चालतो की ती सिटिझन असेल.

कोणाचा व्हिसा काय, हे लिस्टवर लिहू नका. टेनिसवालीच्या आईशी माझं फोनवर बोलणं झालंय. तिचं नाव या जाहिरातीतून काढा.

---

प्रेषक: हॉल आणि स्टॉल
मंगळवार, दुपारी ३:०५

पैसे न घेता उभी राहिली तर? किंवा डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जाणारच आहे, तिथे फोटो काढू, मार्चच्या अंकात लावू.

---

प्रेषक: युवा समिती
मंगळवार, दुपारी ३:३५

फुकटचंही धोक्याचंच. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते दुकानासाठी फुकट केलं, तरी त्याला स्वयंसेवा म्हणता येत नाही. इथे तर ७५० चा आकडा आपणच लेखी मांडून बसलोय. फराळाचा डबा देणं हाही मोबदलाच.

पुण्याचा मार्ग अगदी चुकीचा नाही. केंटकी विद्यापीठाच्या ऑस्कर शीब्वे या परदेशी बास्केटबॉलपटूने २०२२ मध्ये संघाच्या बहामाजच्या दौऱ्यात अशीच कामं उरकली, कारण काम अमेरिकेबाहेर झालं. पण मग सगळंच बाहेर व्हायला हवं. इथे बसून इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली, स्टॉलवर गेली, की ते इथलं काम. हे ठरवायचं तिच्या विद्यापीठातल्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा बघणाऱ्या अधिकाऱ्याने) आणि इमिग्रेशन वकिलाने. प्रशिक्षकाने नाही, कंप्लायन्स ऑफिसने (विद्यापीठात खेळाचे नियम बघणाऱ्या कार्यालयाने) नाही आणि आपण तर नाहीच. पात्रता गेली तर एक मोसम जातो, व्हिसाचं स्टेटस गेलं तर देश सोडावा लागतो.

---

प्रेषक: ज्येष्ठ विभाग
मंगळवार, संध्याकाळी ५:५०

मग तिचं कौतुकही छापायचं नाही का? कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेत) दुहेरीत जिंकली, मंडळात तिचा सत्कार ठरलाय.

---

प्रेषक: युवा समिती
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

छापा, जरूर छापा! अभिनंदनाचं पान ही बातमी, जाहिरात नाही. पण तीन गोष्टी सांभाळा. त्या पानावर आणि समोरच्या पानावर प्रायोजकाचा लोगो नको. सत्काराच्या वेळी मागच्या पडद्यावरही नको, नाहीतर फोटोत दोघं एकत्र येतात आणि दुकानदार तोच फोटो उचलतो. शाल-श्रीफळ मंडळातर्फे द्या, मिठाईवाल्यांच्या हातून नको. आणि विद्यापीठाच्या साइटवरचा फोटो उतरवू नका, त्यावर त्यांचा किंवा फोटोग्राफरचा हक्क असतो. घरचा फोटो मागवा.

---

प्रेषक: सोशल मीडिया
मंगळवार, रात्री ८:२५

मंडळाच्या इन्स्टाग्रामवर काय जायचं ते आमची समिती ठरवते, प्रायोजकाला परस्पर शब्द देऊ नका. धावपटूने स्वतःच्या खात्यावर मिठाईची पोस्ट टाकली तर 'जाहिरात' हे पहिल्याच ओळीत, 'आणखी वाचा'च्या वर हवं. एफटीसीचा (जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी व्यापार आयोगाचा) नियम आहे, आणि नुसता डबा फुकट मिळाला तरी तो लागू होतो. पोस्ट मराठीत असेल तर खुलासाही मराठीत. आमच्या खात्यावरून ती पुन्हा शेअर होणार नाही.

---

प्रेषक: युवा समिती
बुधवार, सकाळी ८:१५

धावपटूच्या घरी बोललो. तो सिटिझन आहे (त्यांनीच लिहायला सांगितलं) आणि त्याची तयारी आहे. ८ नोव्हेंबर हा कॉन्फरन्सची शर्यत आणि रिजनल (विभागीय शर्यत) यांच्या मधला शनिवार, सकाळी त्याचं लांब धावणं असतं, म्हणून स्टॉलवर दुपारी ४ ते ५.

करारात हे घाला: छापील फोटो मिठाईवाल्यांच्या स्वतःच्या पत्रकावर आणि दुकानात, त्याची एक पोस्ट, स्टॉलवर एक तास. फोटो वापरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. त्यांच्या मसुद्यात 'कायमस्वरूपी' लिहिलंय, ते काढून टाका. 'दुसऱ्या कोणाची जाहिरात करणार नाही' हे कलमही नको. शर्यतीत कितवा आला यावर रक्कम ठरवायची नाही, तो खेळण्याचा मोबदला होतो आणि अजूनही चालत नाही. फोटोत विद्यापीठाचं जर्सी, लोगो, रंगसंगती नको, साधा कुर्ता घाला. विद्यापीठाचं नावही नको, नुसतं 'कॉलेज धावपटू'. सही करण्याआधी मसुदा कंप्लायन्स ऑफिसला पाठवायचा, कारण विद्यापीठाचे स्वतःचे खाद्यपदार्थांचे प्रायोजक असतील तर तिथे अडतं. सही झाली की ५ दिवसांत एनआयएल गो.

गुरुवारपर्यंत हे सगळं होणार नाही. म्हणून मागच्या कव्हरवर कोणीच खेळाडू नको.

---

प्रेषक: स्मरणिका समिती
बुधवार, रात्री ९:५५

मिठाईवाल्यांशी बोलले. थोडे नाराज झाले, पण मान्य केलं. कव्हरचे १,५०० मंडळाला, ७५० ते धावपटूला परस्पर देतील. मागच्या कव्हरवर लोगो, पत्ता, फोन आणि 'दिवाळी मिठाई व फराळ'. अभिनंदन पान १४ वर, समोर १५ वर कविता. टेनिसवालीचा घरचा फोटो आला, पण तो ७२ डीपीआयचा आहे, मूळ फाइल उद्या दुपारपर्यंत पाठवा.

हॉलवाले दादा, ते ६ फुटी टेबल मिठाईवाल्यांच्या नावावर लावून ठेवा, आणि मंचापासून लांबच्या बाजूला.