मदत हवी आहे: ओएसबीपी (लिपिड वाहून नेणारं प्रथिन) कोलेस्टेरॉल उलट्या दिशेने कसं नेतं?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे. सेमिनार तोंडावर आलाय आणि गाडी एका जागी अडलीय.

कोलेस्टेरॉल ईआरमध्ये (एंडोप्लाझमिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं) बनतं, पण तिथे फार कमी उरतं. ट्रान्स-गॉल्जीत (पेशीतल्या गॉल्जी या पटलांच्या थप्पीची बाहेर माल पाठवणारी बाजू) त्याहून बरंच जास्त असतं. दोन्ही पटलं जिथे १०-३० नॅनोमीटरवर येतात तिथे ओएसबीपी दोन्हीकडे धरून बसतं: ईआरवरच्या व्हॅप प्रथिनाला आणि गॉल्जीवरच्या पीआय४पी या लिपिडाला. त्याच्या खाचेत एका वेळी एकच रेणू मावतो, कोलेस्टेरॉल किंवा पीआय४पी. इथवर ठीक.

पण ओएसबीपी स्वतः एटीपी (पेशीचं इंधन) वापरत नाही. मग कमीकडून जास्तीकडे वाहतूक होते कशी? ईआरवर सोडलेला पीआय४पी पुन्हा उचलून ते परत का नेत नाही? सर म्हणाले, "ग्रेडियंट बघ," म्हणजे दोन्हीकडच्या प्रमाणातला फरक. बघतोच आहे!

आणि व्हीपीएस१३ या दुसऱ्या लिपिड-वाहक प्रथिनाला हेच लागू होतं का?

प्रतिसाद १
सर बरोबर सांगतायत: पीआय४पी जास्तीकडून कमीकडे, म्हणजे गॉल्जीतून ईआरकडे जातो आणि त्याच जोरावर बदल्यात कोलेस्टेरॉल गॉल्जीत जातं. फक्त तो ग्रेडियंट टिकवतं कोण ते शोधा. ईआरवर सॅक१ नावाचं फॉस्फटेज आहे. पीआय४पी आला की ते त्याचा फॉस्फेट काढून टाकतं, मग परत न्यायला उरतंच काय? तिकडे गॉल्जीवरचे कायनेज (फॉस्फेट जोडणारी एन्झाइम्स) एटीपी खर्चून नवा पीआय४पी बनवत राहतात. म्हणजे एटीपी जातोच, पण ओएसबीपीच्या खिशातून नाही. फ्रान्समधल्या ब्रुनो आँतोनी यांच्या गटाने २०१३ मध्ये हे चक्र मांडलं. ओएसडब्ल्यू-१ या रेणूने ओएसबीपी अडवलं की गॉल्जीवर पीआय४पी साचतो. स्लाइडवर हा पुरावा टाकाच.

सेरामाइड हे लिपिड ईआरमधून गॉल्जीत नेणारं सर्ट प्रथिनही बघून ठेवा. त्याने आणलेल्या सेरामाइडचं गॉल्जीत स्फिंगोमायलिन होतं, त्यामुळे तिथेही माल परत फिरत नाही.

प्रतिसाद २
व्हीपीएस१३ला हा तर्क लावू नका. ते फेऱ्या मारत नाही. त्याची सुमारे २० नॅनोमीटर लांब खाच दोन पटलांमध्ये पुलासारखी असते आणि तिच्यातून एका वेळी अनेक लिपिड सरकू शकतात. एटीजी२ही त्याच घराण्यातलं. लिपिड पटलाच्या एकाच थरातून निघतात, म्हणून दोन्ही थरांचा समतोल राखायला स्क्रॅम्ब्लेज (लिपिड एका थरातून दुसऱ्यात उलटवणारी प्रथिनं) लागतात: एटीजी२च्या बाबतीत ईआरवर टीएमईएम४१बी आणि व्हीएमपी१, ऑटोफॅगोसोमच्या (पेशीतला टाकाऊ माल गुंडाळणारी पिशवी) बाजूला एटीजी९. प्रवाहाला जोर कशाचा, यावर अजून एकमत नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगा, उगाच ओएसबीपीचं उत्तर चिकटवू नका.