गुराबेच्या नाळेवर तोफा कशाला?

बोरीकाठचा:
आम्ही अमळनेरचे. पाणी म्हणजे बोरी नदी, तीही उन्हाळ्यात कोरडी. पोरासाठी थर्माकोलची गुराब, म्हणजे मराठा आरमाराचं लढाऊ जहाज, करतोय. मी तोफा बाजूंना लावल्या, पोरगं म्हणतं पुढेपण पाहिजेत. खरं का?

दर्यावेडा:
पोरगं बरोबर आहे, भाऊ. गुराबेची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, पुढे आलेली. तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत, नऊ-बारा पौंडी गोळ्याच्या. बाजूंनाही तोफा असतच, त्या काढू नका. दोन किंवा तीन डोलकाठ्या ठेवा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून नेत. शत्रूचं शिडाचं जहाज तेव्हा जागीच अडकलेलं! त्याच्या मागच्या अंगाला जाऊन मारायचं, तिथे त्याच्या तोफा कमी.

जळगावकर:
दरवेळी जमलं असं नाही. ऑक्टोबर १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटापाशी मराठ्यांनी इंग्रजांचं ‘डव्ह’ जहाज धरलं, पण त्यांच्याच ‘रिव्हेंज’ जहाजाने मराठ्यांना मागे हटवलं.

बोरीकाठचा:
नाळ कापून परत चिकटवली. वल्ह्यांना आगकाड्या चालतील ना? मग एक गलबतपण करतो.