माळवं, मिलो आणि फोनवरचं रेकॉर्डिंग : तुमचेही अनुभव सांगा

परवा घंटाळीला मैत्रिणीकडे गप्पांत निघालं की आमच्यातल्या तिघींनी परदेशी असताना कुणा ना कुणा म्हाताऱ्या मिशनऱ्याची जीवनकथा फोनवर रेकॉर्ड केलीय. मुलांकडे सहा महिने जायचं, नातवंडं शाळेत गेली की दुपार खायला उठते, आणि नेमकं शेजारी असं कुणी भेटतं ज्याची उमेदीची वर्षं आपल्याकडे गेलेली. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

लेक लॉस एंजेलिसजवळ क्लेअरमॉन्टला असते. तिथे पिलग्रिम प्लेस नावाची वसाहत आहे, निवृत्त मिशनरी आणि चर्चचं काम केलेल्यांसाठी, 1915 पासूनची. रविवारच्या शेतकरी बाजारात पालकाची जुडी उलटीपालटी करत मी लेकीकडे कुरकुरत होते, तर मागून आवाज आला, "माळवं लई महाग झालंय, न्हाई का?" वळून बघते तर काठी टेकलेली गोरीपान आजी. माझा जन्म नौपाड्यातला, आम्ही भाजीला भाजीच म्हणतो. माळवं म्हणजे काय हे मला एका अमेरिकन बाईने सांगावं!

आजी 1952 ते 1974 नगर जिल्ह्यात, वडाळ्याच्या बाजूला होत्या. मी वहीत वीस प्रश्न लिहून नेले : बोटीचा प्रवास, पहिलं दर्शन, कार्य, वगैरे. उत्तरं आली ती पाठ केल्यासारखी. सुट्टीवर गेल्यावर चर्चमध्ये भाषणं करून करून त्यांची गोष्ट घोटीव झाली होती. तीन दुपारी अशाच गेल्या. चौथ्या दिवशी आर्टेशियाच्या देशी दुकानातून ज्वारीचं पीठ आणून मी त्यांच्या ओट्यावर भाकऱ्या करायला घेतल्या. पहिलीच भाकरी थापताना फाटली. आजी खुर्चीतून म्हणाल्या, "विरी गेलीय पिठाची, चिकटपणा राहिला नाही. आधण ठेवा, गरम पाण्यात मळा." फोन मिठाच्या बरणीला टेकवून तसाच चालू होता. मग बोलणं भाकरीवरून दुष्काळावर गेलं. 1972 ला रेशनवर लाल मिलो, म्हणजे ज्वारीसारखं धान्य, आला, अमेरिकेतून. बायका भाकरी पुढे धरून विचारायच्या, "मडम, तुमच्यात हे कोण खातं?" आजी म्हणाल्या, "मी सांगितलं, गुरं." मग बराच वेळ फक्त तव्याचा आवाज. "हे आम्ही घरी कधी लिहिलं नाही."

अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे ढीगभर कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपलेत. पण ती पत्रं जायची वरिष्ठांना, देणगीदारांना. तिथे गुरं कशाला येतील?

पहिला प्रतिसाद : चरई, ठाणे

मी प्रोजेक्टसाठी आठ महिने इटलीत पादुआला होतो. माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही, पण रेकॉर्डिंगचा पूर्वज आहे, चालेल ना? 1321 मध्ये आपल्या ठाण्यात चार ख्रिस्ती मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू इथे आला, त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. परतल्यावर मे 1330 मध्ये पादुआत त्याने सगळं तोंडी सांगितलं आणि सोलान्याच्या विल्यम नावाच्या साधूने उतरवून घेतलं. पुढच्या जानेवारीत ओडोरिक गेला. म्हणजे विल्यमने आठ महिने आळस केला असता तर ती कथा गेलीच होती. त्यात ठाण्याबद्दल आहे की इथले उंदीर कुत्र्याएवढे, मांजरांना आवरत नाहीत, कुत्रेच लागतात धरायला. स्टेशनच्या पुलाखाली रात्री उभं राहिलेल्यांना हे पटेल. रोज संध्याकाळी कॉफी घेऊन मी तिथल्या एका चौकात बसायचो आणि विचार करायचो, विल्यमने मध्येच "एवढे मोठे?" असं विचारलं असेल का?

ऐरोली

थोडक्यात लिहितो. ल्युसर्नला एका स्विस जेझुइट फादरांच्या चार मुलाखती घेतल्या, पुण्या-नगरकडे आयुष्य गेलेलं. सगळ्यात चांगली दुसरी. ती गेली. मध्येच आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, मेंटेनन्स थकलाय म्हणून. रेकॉर्डिंग तिथेच बंद पडलं आणि मला कळलं चाळीस मिनिटांनी. फादर हसले आणि म्हणाले, "पुन्हा सांगतो." सांगितलंही, पण तो आवाज नव्हता. तेव्हा आधी विमान मोड. फोन टेबलावर नुसता ठेवू नका, खाली दुमडलेला पंचा घाला, नाहीतर कपबशी ठेवली की बाँब पडल्यासारखं ऐकू येतं. फ्रीज जवळ नको. चर्चची घंटा मात्र मी काढली नाही, दर पंधरा मिनिटांनी आहे.

नेरूळ

माझं वेगळं आहे. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. पणजी बायबलबाई होती, म्हणजे बायकांना बायबल सांगत फिरणारी. मडमसाहेबांच्या मागे उन्हातान्हात गावोगाव फिरली. मडमसाहेबांचे फोटो आहेत, अहवाल आहेत, कबरीवर नाव आहे. पणजीचा एकच फोटो, त्यात ती अर्धी कापलेली.

एडिंबराला भावाकडे असताना मराठवाड्यात नर्स राहिलेल्या एका बाईंशी बोलायला मिळालं. मी पहिलाच प्रश्न केला, तुमच्याबरोबर कोण असायचं? त्यांनी सात बायकांची नावं सांगितली, कुणाला किती मुलं हेसुद्धा. पगार किती होता विचारल्यावर खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "फार कमी. आम्हाला तेव्हा कमी वाटला नाही." मला त्यांचा राग आला आणि आवडल्याही. त्यानंतर रोज दुपारी त्यांच्यासाठी गवती चहा घेऊन जायचे. भावाच्या बायकोने कुंडीत लावलाय, तिथल्या थंडीत जेमतेम तग धरून.

आजींच्या फाइल्समध्ये मराठी माणसांची नावं किती आहेत हो?

धागाकर्ती

नेरूळकर, तुमचं वाचून रात्री सगळ्या पंधरा फाइल्स ऐकल्या. "आमची स्वयंपाकीण" हा शब्द अकरा वेळा येतो. आधणाची युक्ती तिनेच शिकवली असं भाकरीच्या फाइलमध्ये आजी स्वतः सांगतात. नाव एकदाही नाही, मीही विचारलं नाही. आजी आता सत्त्याण्णव वर्षांच्या आहेत. उद्या सकाळी साडेआठला, म्हणजे तिथे रात्री आठला, फोन लावते.