मवाळ, नेमस्त की मध्यममार्गी?

नवी पेठ:
पक्ष दोन टोकांना ताणला जातोय आणि एखादा नेता मधेच राहतो. त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? भाषांतरित बातम्यांत ‘उदारमतवादी’ येतं. खटकतं.

दक्षिण कसबा:
खटकायलाच पाहिजे. उदारमतवाद हा विचार, मवाळपणा ही वागायची रीत. पक्का परंपरावादीही मवाळ असू शकतो. आणि पक्षाशी भांडला म्हणून कोणी मवाळ होत नाही. अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाच्या लिझ चेनी बघा की. मतं कट्टर उजवी, पण ट्रम्पच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि २०२२ ला वायोमिंगमध्ये पक्षाच्या उमेदवारीची निवडणूकच हरल्या. त्या उदारमतवादी नाहीत, मवाळ तर नाहीतच. ‘पक्षातल्या विरोधक’ लिहावं.

होटगी रोड:
त्याच पक्षाच्या लिसा मुर्कोव्स्की मात्र खऱ्या मध्यममार्गी. उमेदवारी ठरवायच्या फेरीला मतदार कमी येतात, येतात त्यांत कडवे जास्त. मधला तिथंच कापला जातो. २०१० ला अलास्कात त्याही अशाच पडल्या. नोव्हेंबरात लोकांनी मतपत्रिकेवर हातानं नाव लिहून त्यांना सिनेटवर पाठवलं.

सात रस्ता:
‘मवाळ’ जपून वापरा, त्याला काँग्रेसचं १९०७ चं सुरत अधिवेशन चिकटलंय. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण हे आदल्या वर्षीचे कलकत्त्याचे ठराव पातळ केले जाणार, असा जहालांना संशय. त्यात अध्यक्षपदाचा वाद. जोडा फेकला गेला, अधिवेशन उधळलं. काँग्रेस मेहता-गोखल्यांच्या हाती राहिली, लोकांचा ओढा टिळकांकडे. १९१६ ला लखनौत दिलजमाई झाली तेव्हा गोखले, मेहता दोघंही हयात नव्हते; १९१८ ला उरलेल्या मवाळांनी वेगळी चूल मांडली. त्या भांडणातून शब्दाला ‘कचखाऊ’ असा वास लागला. ‘नेमस्त’ त्याच मंडळींना म्हणत, पण त्यात मान आहे.

दक्षिण कसबा:
आणि आपल्या सोलापुरात ‘कडक’ म्हणजे कौतुकच, भाकरीपासून. मऊ ते कमी प्रतीचं, असा कानच झालाय.

नवी पेठ:
मग ‘तळ्यात-मळ्यात’?

होटगी रोड:
ते ज्याचं ठरत नाही त्याला. ‘दोन्ही डगरींवर हात’ हे मतलबी माणसाला. मध्यममार्गी ठरवून मधे उभा असतो. घोळ असा की टोकं सरकली की मध्यही सरकतो, आणि जागेवरून न हललेल्याला ‘बदलला’ म्हणतात. म्हणून विशेषणापेक्षा कुठल्या विधेयकावर मत कुठं टाकलं, ते लिहा.

नवी पेठ:
मथळ्यात तेवढी जागा कुठं असते?

सात रस्ता:
‘नेमस्त’ तीन अक्षरी आहे. ‘मवाळ’एवढाच.