मदत हवी आहे: अखेनातेन 18 चौकोनांत बसत नाहीये

प्राचीन इजिप्शियन चित्रकलेतल्या मापांवर (ते चित्रकार आधी चौकोनांची जाळी आखून त्यात आकृती बसवायचे) तीन मोठे तक्ते करतेय, हाताने, कार्डशीटवर, त्यामुळे सॉफ्टवेअर नको. पहिला झाला. उभा माणूस, पायाच्या तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत 18 चौकोन, गुडघा सहाव्या रेषेवर, खांदा साधारण सोळाव्यावर, आणि तो इतका मस्त जमला की मलाच खरं वाटेना. जाळीच्या लाल रेघा पण त्या चित्रकारांसारख्याच मारल्या, सुतार मारतो तसा रंगात बुडवलेला दोरा ताणून सोडला (भिंतीचा कोपरा खराब झाला, असो). त्याच तक्त्यावर बसलेल्या माणसाला 14 चौकोन, तोही नीट आला. तिसरा सव्विसाव्या राजवंशाचा करणार, तिथे वरच्या पापणीपर्यंत 21 चौकोन असतात हे माहितीये, तो सांगू नका.

घोडं अडलंय दुसऱ्यावर, म्हणजे अखेनातेनवर (अमार्ना ही नवी राजधानी वसवणारा इजिप्तचा राजा, त्याच्या काळातली चित्रशैलीच वेगळी). 18 वर काढला तर त्याची लांब मान आणि सुटलेलं पोट कोंबल्यासारखं दिसतं. नुसती मान वाढवली तर जिराफ झाला. मग कळलं की त्या काळात 20 चौकोन धरायचे, म्हणून सगळंच त्या प्रमाणात ताणून बघितलं, तर पाय लांब झाले आणि मूळ कोरीवकामात तर पाय आखूडच वाटतात.

म्हणजे गुडघा सहावरच ठेवून जादाचे दोन्ही चौकोन वरच टाकायचे का? आणि मग मानेला किती, धडाला किती, नाभी कुठल्या रेषेवर येते?