कवडशांच्या कोरी: तुम्ही पाहिलेलं थक्क करणारं दृश्य (अनुभव धागा)

मोगरा६८
आज वाळवणाची राखण करत बसले होते. आंब्याखाली कवडसे हलत होते आणि एकदम १६ फेब्रुवारी १९८०चं सूर्यग्रहण आठवलं. मी लहान, कोल्हापूरला. खग्रासचा पट्टा खाली कारवार-हुबळीवरून गेला. आमच्याकडे खंडग्रास, पण सूर्याची कोरच उरली होती. आजीने दारं लावून घेतलेली, पाण्यात तुळशीपत्र. पडवीत कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर रोज गोल कवडसे पडायचे, त्या दुपारी त्यांच्या कोरी झाल्या. सगळ्यांच्या! एकाच बाजूला तोंड करून. तळहात धरला तर तळहातावरही एक. आजीला हाक मारली. ती जप सोडून आली, वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर सूर्यच घरात आलाय." खरंच होतं ते. फट कशीही वेडीवाकडी असो, कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच.
तुम्ही काय पाहिलंय? लिहा.

सांगलीची_लेक
डॅलस (अमेरिका), ८ एप्रिल २०२४चं खग्रास. सकाळपासून ढग, मला रडूच येत होतं. ऐनवेळी फाटले. पावणेचार मिनिटं काळोख, भर दुपारी शुक्र. शेवटी सूर्याच्या कडेला हिऱ्यासारखा उजेड चमकला आणि पार्किंगमधले सगळे अनोळखी लोक ओरडले. सासूबाईंचा आदल्या दिवशी फोन होता, बाहेर पडू नकोस म्हणून. नंतर फोटो पाठवले तर म्हणाल्या, मला का नाही नेलंस?

रानवाटा
कोकणकडा, हरिश्चंद्रगड. दरीत धुकं, पाठीमागे कलतं ऊन. खाली धुक्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्यासारखं वलय, आणि मधोमध माझी सावली. गंमत म्हणजे शेजारच्या मित्राला त्याच्या डोक्याभोवती वलय दिसत होतं, मला माझ्या! आम्ही दोघं भांडत बसलो. ज्याचं त्यालाच दिसतं हे नंतर समजलं.

पमाकाकू
मोगरा, आंबा पायरी का गं? यंदा मोहोर टिकला का? आमचा सगळा गळला.

झाडीपट्टी
२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. जेवायच्या वेळेला बाहेर आरडाओरड. आकाशातून आगीच्या रेषा ओळीने चालल्या होत्या, सावकाश, आवाज नाही. उल्का एवढी रेंगाळत नाही. मुलगी मला घट्ट धरून. चिनी रॉकेटचे तुकडे होते म्हणे. सिंदेवाहीजवळ लाडबोरीत केवढं तरी धातूचं कडं पडलं, बघायला गेलो होतो.

देवगडकर
अमावास्येच्या आसपास रात्री ओल्या वाळूत पाय टाकला की पावलाभोवती निळं चमकायचं. लाट फुटली की अख्खी किनार पेटायची. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले की चमकतात. आजोबा जाळं ओढायचे तेव्हा दोरीवरून उजेड ठिबकायचा. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

नीलिमा_ठाणे
भंडारदऱ्याचे काजवे! पावसाच्या तोंडावर अख्खं झाड एका तालात लुकलुकतं. कृपया टॉर्च मारू नका, फ्लॅश तर नकोच. त्या उजेडाच्या खुणांवरच त्यांच्या जोड्या जमतात. मागच्या वेळी गाड्यांचे दिवे बघून जीव तुटला.

मोगरा६८
पमाकाकू, पायरीच. बरा आहे यंदा, या मुलांना घेऊन.
नीलिमा, अगदी. आमच्या ओढ्यावर होते काजवे, आता नाहीत.

सांगलीची_लेक
२ ऑगस्ट २०२७ला खग्रास आहे. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त! आपल्याकडे पश्चिमेला त्या संध्याकाळी खंडग्रास दिसेल.

रानवाटा
ऑगस्ट म्हणजे पाऊस :(

मोगरा६८
घटकाभर उघडलं तरी पुरे. कौलं जाऊन स्लॅब आला, पण पिठाची चाळण आहे ना. नातीला अंगणात उभी करून तिच्या फ्रॉकवर कोरी पाडणार आहे.