मदत हवी आहे: मूळ दंडापेक्षा विलंब आकार मोठा झालाय, सुनावणीत काय मागू?

वाटसरू: परवा नगरपालिकेत दंड आणि शुल्कांच्या नव्या नियमांवर सुनावणी आहे. मला ३ मिनिटं मिळणार. आईच्या नावावरचा दंड मूळ रकमेच्या तिप्पट झालाय. खिडकीवर हप्ते मागितले तर "आधी सगळं भरा, मग अर्ज करा" म्हणाले. नेमकं काय मागू? लवकर सांगा.

खडूफळा: दंड कशाचा? नोटीस कधी मिळाली?

वाटसरू: पार्किंगचा. नोटीस मिळालीच नाही, जुन्या पत्त्यावर गेली.

रातराणी: अहो, हे आधी सांगायचं ना! नोटीस हातात पडल्याशिवाय विलंब आकार सुरू होऊ नये, हे पहिलं मागा.

सुकाणू: उत्पन्नानुसार दंड मागा. फिनलंडमध्ये १९२१ पासून आहे.

खडूफळा: तो फौजदारी गुन्ह्यांना आणि मोठ्या वेगभंगाला. पार्किंगचा आकार तिथेही सगळ्यांना सारखाच. हे मांडलंत तर तिथल्या तिथे खोडून काढतील.

सुकाणू: तत्त्व तर बरोबर आहे ना? एकाच दंडात कुणाची आठवड्याची कमाई जाते, कुणाला पत्ताही लागत नाही.

जुना_टंकलेखक: वसुलीत २२ वर्षं काढली, म्हणून सांगतो. भरणा आधी मुद्दलात जमा व्हावा, विलंब आकार नंतर, आणि त्या आकाराला कमाल मर्यादा हवी. अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरावरचा तिथल्या न्याय खात्याचा २०१५ चा अहवाल वाचा. एका बाईंना २००७ मध्ये गाडी चुकीची लावल्याबद्दल १५१ डॉलर दंड झाला. ५५० भरूनही ५४१ बाकी, वर ६ दिवस कोठडी.

पाऊलवाट: शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंडच बंद केला, तर पुस्तकं जास्त परत यायला लागली.

रातराणी: पार्किंगमध्ये पुस्तकं कुठून आली?

पाऊलवाट: दंडाच्या धाकाने लोक खिडकीकडे फिरकतच नाहीत, एवढंच म्हणायचंय.

जुना_टंकलेखक: वाटसरू, आईंनी मध्ये काही भरलंय का? पावत्या बघा.

वाटसरू: डब्यातून २ पावत्या निघाल्या. दोन्हींवर "विलंब आकारात जमा" असा शिक्का आहे. मुद्दल होतं तेवढंच. आई म्हणते, मला वाटलं निम्मं फिटलं.

जुना_टंकलेखक: मग याच २ पावत्या दाखवा आणि जमा करण्याचा क्रम बदला म्हणा. ३ मिनिटं पुरतील.

खडूफळा: अर्ज लेखी द्या, सोबत झेरॉक्स जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.